फाळाचें भोक व त्याचा आराखडा

शेतकऱ्यांच्या बैठकींत मोठ्या वस्तूंची चर्चा नेहमीं होते. ट्रॅक्टर किती अश्वशक्तीचा, नांगर किती फाळांचा, बियाणें कोणत्या जातीचें, यांवर पारावर बराच वेळ खल चालतो. परंतु ज्या दोन बोल्टांनीं फाळ नांगरास धरलेला असतो ते बोल्ट, आणि ज्या भोकांत ते बसतात तीं भोकें, यांची चौकशी कोणी करीत नाहीं. बोल्ट तुटला म्हणजे मात्र सारें काम जागच्या जागीं थांबतें. म्हणून या अंकीं आम्हीं एका भोकाविषयींच लिहिण्याचें योजिलें आहे. भोकाचें तोंड कसें असावें, त्याचीं मापें कशीं काढावीं, आणि संगणकावरील आराखड्यांत तें कसें पाडावें, एवढाच या लेखाचा विषय आहे. विषय लहान दिसला तरी त्यापायीं आमच्या शेताचा एक तुकडा एक हंगाम मागें पडला आहे, हें प्रथमच सांगून टाकतों.

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. गहूं निघाल्यावर आमच्या काळ्या रानाच्या एका तुकड्यांत हरळी माजली होती. हरळी घालवावयाची तर उन्हाळ्यांत खोल नांगरट करून तिच्या काश्या उन्हांत वाळविल्या पाहिजेत. पलटी नांगराचे फाळ झिजले होते व कंपनीचे फाळ त्या वेळीं दुकानांत मिळेनात. तेव्हां तालुक्याच्या गांवीं एका वर्कशॉपमध्यें जाड पोलादी पत्र्याचे फाळ कापून घेतले व तेथेंच त्यांस भोकें पाडवून घेतलीं. फाळ दिसण्यांत उत्तम होते. परंतु बोल्ट आवळल्यावर त्यांचीं डोकीं फाळाच्या पृष्ठाच्या दोन मिलिमीटर वर राहिलीं. “एवढ्यानें काय होतें, काका? मातींत घासून आपोआप सपाट होतील,” असें मिस्त्री म्हणाला, आणि आम्हींहि तें मान्य केलें.

डोकीं घासलीं खरीं. परंतु ज्या कडेवर फाळाचा सारा ताण पडतो ती कडच घासली गेली. वर आलेल्या डोक्यापुढें गव्हाचीं धसकटें अडकत, त्यांवर ढेकळें आपटत, आणि प्रत्येक धक्क्यासरशीं चाकी सैल होई. तिसऱ्या दिवशीं एक बोल्ट तुटला. फाळ दुसऱ्या बोल्टाभोंवतीं फिरला व तें भोक कडेपर्यंत फाटलें. नवीन फाळ हातीं येईपर्यंत आठ दिवस गेले. तेवढ्यांत अवकाळी पाऊस पडला आणि नांगरट तशीच राहिली. मृगांत त्या तुकड्यावर केवळ वखराची पाळी देऊन सोयाबीन पेरावें लागलें. पुढें हरळीनें पिकास गांठलें, व त्या तुकड्याचें उत्पन्न निंदणींतच गेलें.

डोकें सपाट कां बसावें?

घरच्या दाराची बिजागरी पाहावी. तिच्या भोकाचें तोंड नरसाळ्याप्रमाणें रुंद व खालीं निमुळतें असतें, आणि स्क्रूचें डोकें त्यांत बुडून पत्र्याशीं समपातळींत राहतें. तें वर राहिलें असतें तर दार मिटलेंच नसतें. अशा तोंडाच्या भोकास वर्कशॉपमध्यें ‘काउंटरसिंक’ म्हणतात. फाळाच्या बोल्टाचेंहि डोकें असेंच शंकूच्या आकाराचें असतें, व तें ज्या भोकांत बसावयाचें तें भोक त्याच शंकूचें असावें लागतें.

याचे लाभ दोन. पहिला हा कीं, शंकू शंकूंत बसल्यामुळें बोल्ट आवळतांच फाळ आपोआप नेमक्या जागीं येतो व ताण डोक्याच्या सर्व बाजूंवर सारखा वांटला जातो. दुसरा हा कीं, माती फाळाच्या पृष्ठावरून अडथळ्यावांचून सरकते. आमच्या वाशीम जिल्ह्यांतील काळी माती ओली असतां लोखंडास कशी चिकटते, हें वाचकांस सांगावयास नको. तिला धरावयास एक उंचवटा मिळाला कीं तेथें थर बसतो, थरावर थर चढतो, आणि नांगर माती उलथविण्याऐवजीं ढकलूं लागतो.

ही अडचण केवळ आपलीच नव्हे. अमेरिकेंत इलिनॉय प्रांतींच्या गवताळ रानांतील माती अशीच चिकट होती. तेथील ओतीव लोखंडाच्या नांगरांस ती चिकटून बसे व शेतकऱ्यास वरचेवर थांबून फाळ खरवडावा लागे. जॉन डीअर नांवाच्या लोहारानें १८३७ सालीं एका मोडक्या करवतीच्या पोलादी पात्यापासून गुळगुळीत पृष्ठाचा नांगर बनविला, आणि माती त्यावरून सरकूं लागली. पुढें त्याच्या नांवाची मोठी कंपनी झाली; तिचे ट्रॅक्टर आज आपल्याकडेहि दिसतात. पृष्ठ गुळगुळीत हवें हा तिच्या पायाशीं असलेला धडा आहे, आणि वर आलेलें बोल्टाचें डोकें हा त्या धड्याचाच भंग होय.

चूक कोणत्या मापांत होती?

आमचे तुटके फाळ घेऊन आम्ही गांवांतील एका तरुणाकडे गेलों. त्यानें औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत शिक्षण घेतलेलें असून संगणकावर आराखडे काढण्याचें काम तो करितो. त्यानें व्हर्निअरनें मापें घेतलीं व घटकाभरांत दोष दाखवून दिला. तो येथें सविस्तर देतों, कारण हाच दोष वाचकांच्या घरींहि सांपडण्याचा संभव आहे.

आमच्या बोल्टाचा दांडा १२ मिलिमीटर, डोक्याचा वरचा व्यास २४ मिलिमीटर, व डोक्याच्या शंकूचा कोन ९० अंश होता. मेट्रिक मापाच्या बोल्टांत हा कोन सामान्यतः ९० अंशांचाच असतो. अमेरिकन इंची मापांत तो ८२ अंशांचा असतो, म्हणून जुन्या किंवा परदेशी नांगराचा बोल्ट प्रथम मोजून पाहावा. मिस्त्रीजवळ ९० अंशांचें काउंटरसिंकचें हत्यार नव्हतें. त्यानें मोठें साधें ड्रिल घेऊन भोकाचें तोंड रुंद केलें होतें. साध्या ड्रिलच्या टोंकाचा कोन बहुधा ११८ अंशांचा असतो. येथेंच सारा घोंटाळा झाला.

आतां हिशेब पाहावा. शंकूचा कोन ९० अंश असतां खोली काढण्याचें सूत्र अगदीं सोपें आहे: तोंडाच्या व्यासांतून भोकाचा व्यास वजा करून बाकीस दोननें भागावें. तोंड २४ व भोक १३ असेल तर बाकी ११, निम्मे साडेपांच. म्हणजे डोक्यास साडेपांच मिलिमीटर खोली हवी. ११८ अंशांच्या ड्रिलनें तोंड २४ मिलिमीटर होतें तेव्हां खोली सुमारें ३·३ मिलिमीटरच भरते. उरलेले २·२ मिलिमीटर डोकें वर राहिलें पाहिजे, आणि आमचें तें तितकेंच राहिलें होतें. बरें, डोकें पुरें बुडेपर्यंत तेंच ड्रिल खोल घालावें म्हटलें, तर तोंड ३१ मिलिमीटरांहून रुंद होतें व डोक्याभोंवतीं माती भरावयास मोकळी चर राहते.

याहून वाईट गोष्ट ही कीं, अशा भोकांत डोकें शंकूच्या उतारावर टेकतच नाहीं. भोकाचा उतार पसरट व डोक्याचा उभा असल्यामुळें डोकें केवळ खालच्या कडेच्या बारीक वर्तुळावर टेकतें. सारा भार त्या एका रेषेवर येतो, ती रेषा चुरते, आणि आवळलेली चाकी आपोआप सैल पडते. उलटपक्षीं भोकाचा शंकू डोक्याहून अरुंद कोनाचा असेल तर डोकें वरच्या कडेवर अडकून राहतें व ती कड झिजतांच सैल होतें. दोन्ही प्रकारीं परिणाम एकच. यास्तव कोन जुळणें ही पहिली अट होय. व्यास व खोली यांचा विचार त्यानंतर.

दुसरी अट जाडीची. डोकें पृष्ठाच्या अर्धा मिलिमीटर खालीं बसावें म्हणून तोंड २५ मिलिमीटर धरलें, तर खोली ६ मिलिमीटर होते. पत्रा १० मिलिमीटर जाड असल्यास शंकूखालीं ४ मिलिमीटर सरळ भोक उरतें, व तें पुरेसें आहे. पत्रा ८ चा असल्यास २ उरतात. पत्रा ६ चा असल्यास कांहींच उरत नाहीं. भोकाची खालची कड सुरीच्या धारेसारखी होते व पहिल्या दगडाशीं फुटते. जाडीचा निदान तिसरा हिस्सा सरळ राहिला पाहिजे, असा नियम आम्हीं आपल्यापुरता केला आहे. त्या नियमानें १२ मिलिमीटरच्या बोल्टास ८ चा पत्रा चालत नाहीं. ८ च्या पत्र्यास १० मिलिमीटरचा बोल्ट, ११ चें भोक व २१ चें तोंड घेतलें, तर खोली ५ व शिल्लक ३ राहते, तेवढें चालतें. परंतु नांगराच्या सांगाड्यांतील भोकें १२ च्या बोल्टासाठीं असतील तर लहान बोल्ट घालूं नये. पत्राच १० चा घ्यावा.

तिसरी अट मापाच्या भाषेची. आपले जुने लोहार व सुतार सुतांत बोलतात. आठ सुतांचा एक इंच. म्हणून चार सूत म्हणजे अर्धा इंच, अर्थात् १२·७ मिलिमीटर. बाजारांत ‘चार सुती’ बोल्ट व ‘बारा एमएम’ बोल्ट एकच समजून दिले जातात. ते एक नव्हेत; त्यांचे आटेहि एकमेकांस जुळत नाहींत. बोल्ट घेतांना चाकी हातानें शेवटपर्यंत फिरवून पाहावी.

आराखड्याचा गुण

हीं सर्व मापें मिस्त्रीस तोंडी सांगितलीं तर तो दहांतील चार विसरतो. त्यांत त्याचा दोष नाहीं. मापें कागदावर असलीं पाहिजेत. या बाबतींत आपल्याच महाराष्ट्रांतला एक दाखला स्मरणांत ठेवण्यासारखा आहे. लोखंडी नांगर ज्यांनीं आपल्या शेतकऱ्यांच्या घरोघर पोंचविला, ते लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे प्रथम मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें यंत्रांचीं रेखाचित्रें काढण्यास शिकवीत असत. पुढें बेळगांवीं त्यांनीं कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानें जमिनींत विष भिनतें अशी त्या काळीं शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपविणें त्यांस फार जड गेलें. १९१० सालीं औंध संस्थानच्या अधिपतींनीं दिलेल्या माळरानावर त्यांनीं किर्लोस्करवाडी वसविली. आपल्याकडचा नांगर अशा रीतीनें रेखाचित्र जाणणाऱ्या माणसाच्या हातून घडला, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते. ज्याचें चित्र आहे तो भाग पुन्हां तसाच करतां येतो. ज्याचें चित्र नाहीं तो भाग दर वेळीं नव्यानें अंदाजानें होतो.

कागदावरील चित्रास एक मर्यादा होती. एक माप बदललें तर सारें चित्र खोडून पुन्हां काढावें लागे. ती मर्यादा संगणकानें दूर केली. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशिक्षणसंस्थेंत ऐव्हन सदरलंड यांनीं १९६३ सालीं ‘स्केचपॅड’ नांवाची रचना आपल्या प्रबंधांत मांडली. तींत ‘या दोन रेषा समांतर राहोत’, ‘या दोन रेषा सारख्या लांबीच्या राहोत’, अशा अटी चित्रासच घालतां येत. पुढें १९८८ सालीं ‘प्रो-इंजिनिअर’ हें सॉफ्टवेअर निघालें व घन वस्तूंचे असे आराखडे कारखान्यांत रूढ झाले. तें घेणाऱ्या अगदीं पहिल्या गिऱ्हाइकांत वर उल्लेखिलेली जॉन डीअर कंपनी होती. अशा आराखड्यास ‘पॅरामेट्रिक’ म्हणतात. म्हणजे ज्याचा आकार मूळ मापांवर अवलंबून राहतो असा.

आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें, म्हणून तेथील उपमा देतों. गांव नमुना ६ मध्यें फेरफाराची नोंद होऊन ती प्रमाणित झाली म्हणजे सात-बारा बदलतो, व त्याबरोबर खातेदाराचा आठ-अ हि बदलतो. मूळ नोंद एक, आणि तिच्यावर अवलंबून असलेले उतारे अनेक. उतारेच स्वतंत्रपणें खोडून लिहूं लागलों तर दप्तराचा मेळ कधींच बसणार नाहीं. पॅरामेट्रिक आराखड्यांतहि तसेंच आहे. पत्र्याची जाडी ही मूळ नोंद. भोकाची खोली, कडेचें अंतर, छेदाचें चित्र हे तिचे उतारे. मूळ नोंद बदला, उतारे आपोआप बदलतात.

भोक पाडण्याची कृति

यासाठीं महागडें सॉफ्टवेअर घेण्याचें कारण नाहीं. ‘फ्रीकॅड’ हें सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतें. त्याची १·० ही आवृत्ति नोव्हेंबर २०२४ मध्यें निघाली. वाचकांचीं शाळा-कॉलेजांत जाणारीं मुलें तें थोड्या सरावानें चालवूं शकतात. आम्हीं त्या तरुणाजवळ बसून जी कृति पाहिली व मग स्वतः केली, ती अशी.

१. प्रथम मापांचा तक्ता करावा. पत्र्याची जाडी १०, भोक १३, तोंड २५, कोन ९०, दोन भोकांच्या मध्यांतील अंतर, व कडेपासून भोकाचें अंतर, अशीं मापें नांवें देऊन तक्त्यांत लिहावीं. शेवटचीं दोन मापें जुन्या फाळावरून नव्हे, नांगराच्या सांगाड्यावरून घ्यावीं. कारण झिजलेल्या फाळाचीं भोकें ताणून लांबट झालेलीं असतात.

२. नंतर फाळाच्या कडांची बाह्यरेषा काढावी व प्रत्येक रेषेस अट किंवा माप द्यावें. सर्व मापें पुरीं झालीं म्हणजे रेखाटनाचा रंग हिरवा होतो. तो हिरवा होईपर्यंत पुढें जाऊं नये. अर्धवट बांधलेलें रेखाटन पुढें एखादें माप बदलतांच भलतीकडे सरकतें.

३. त्या रेखाटनास ‘पॅड’ या साधनानें जाडी द्यावी. जाडीच्या चौकटींत दहाचा आंकडा लिहूं नये. तक्त्यांतील ‘जाडी’ हें नांव लिहावें. आंकडा लिहिला कीं धागा तुटला.

४. मग फाळाच्या वरच्या पृष्ठावर, म्हणजे ज्यावरून माती सरकते त्या बाजूस, दुसरें रेखाटन घेऊन भोकांच्या मध्यांवर दोन वर्तुळें काढावीं. वर्तुळ लहान काढलें कीं मोठें, याला महत्त्व नाहीं. पुढचें साधन केवळ त्यांचे मध्यबिंदु घेतें. मध्यबिंदूंचीं अंतरें मात्र तक्त्यास बांधावीं.

५. आतां ‘होल’ हें साधन निवडावें. भोकाचा व्यास द्यावा, खोली ‘थ्रू ऑल’ म्हणजे आरपार ठेवावी, तोंडाचा प्रकार ‘काउंटरसिंक’ निवडावा, आणि तोंडाचा व्यास व कोन तक्त्यांतून घ्यावा. त्याच यादींत ‘काउंटरबोअर’ म्हणून दुसरा प्रकार दिसेल. त्यांत शंकूऐवजीं उभ्या भिंतीचा खड्डा होतो. तो यंत्राच्या आंतील भागांस ठीक. फाळास तो नको, कारण शंकूचें डोकें त्यांत नीट टेकत नाहीं व खड्ड्यांत माती ठासून बसते.

६. शेवटीं भोकाच्या मध्यांतून छेद घेऊन पाहावा. शंकू कोणत्या बाजूस आहे, खालीं सरळ भाग किती उरला, हें छेदाशिवाय कळत नाहीं. बाहेरून पाहतां बरोबर व चूक हीं दोन्ही भोकें सारखींच दिसतात.

बोल्टाची मान चौकोनी असेल, आणि फाळाच्या बोल्टांची ती बहुधा तशीच असते, तर आणखी एक पायरी करावी लागते. चौकोनी मान भोकांत अडकल्यामुळें चाकी आवळतांना बोल्ट फिरत नाहीं. त्यासाठीं त्याच मध्यावर १३ मिलिमीटर बाजूचा चौकोन काढून तो ‘पॉकेट’ या साधनानें आरपार कापावा. येथें एक हिशेब विसरूं नये. १३ च्या चौकोनाचा कर्ण सुमारें १८·४ भरतो. म्हणून चौकोनाचे कोपरे शंकूच्या उतारांत घुसतात व डोक्यास टेकावयास जागा कमी उरते. २४ च्या डोक्यास ती पुरते. डोकेंच २० चें असेल तर कोपऱ्यांपाशीं जवळजवळ कांहींच उरत नाहीं.

आमच्या हातून झालेल्या चुका

पहिल्या वेळीं आम्हीं भोकांचें रेखाटन खालच्या पृष्ठावर घेतलें. संगणकावर फाळ फिरवून पाहतांना वरची बाजू कोणती याचें भान राहत नाहीं. परिणामीं शंकू उलट बाजूस पडला. छेद घेतला म्हणून चूक कागदावर येण्यापूर्वींच कळली. तेव्हांपासून वरच्या पृष्ठावर आम्ही एक लहान खूण काढून ठेवतों.

दुसऱ्या वेळीं भोकाचा शंकू ‘होल’ या साधनानें न करतां साधें भोक करून त्याची कड छाटली. दिसावयास तेंच झालें. परंतु पुढें बोल्ट १२ चा १० केला तेव्हां भोक लहान झालें, आणि छाटलेली कड मात्र जुन्याच मापाची राहिली. फेरफार झाला, सात-बारा बदलला, आणि आठ-अ तसाच राहिला, असा तो प्रकार. ज्या वस्तु एकत्र बदलावयाच्या त्या एकाच नोंदींत असाव्या.

तिसरी चूक छापण्याची. पूर्ण मापाचा नमुना कागदावर छापून तो पत्र्यावर चिकटवावा व भोकांच्या मध्यांवर पंच मारावा, अशी आमची योजना होती. छापतांना संगणकानें चित्र कागदांत बसविण्यासाठीं आपोआप थोडें लहान केलें. पट्टीनें मोजून पाहिलें तेव्हां दोन भोकांतील अंतर तीन मिलिमीटर कमी भरलें. यास्तव छापतांना पूर्ण माप कायम राहील अशीच निवड करावी, आणि प्रत्येक नमुन्यावर १०० मिलिमीटर लांबीची एक रेषा छापावी. ती पट्टीनें शंभर भरली तरच नमुना वापरावा.

मिस्त्रीच्या हातीं काय द्यावें?

लेझरनें किंवा प्लाझ्मानें पत्रा कापून देणाऱ्या वर्कशॉपांत ‘डीएक्सएफ’ नांवाची फाईल मागतात. तींत केवळ सपाट बाह्यरेषा व भोकांचीं वर्तुळें असतात. शंकूची खोली त्यांत येत नाहीं. ती फाईल देऊन आपण निश्चिंत राहिलों तर फाळ साध्या भोकांचा हातीं येतो, आणि तोंड पुन्हां कोणीतरी साध्या ड्रिलनें पाडतो. म्हणून फाईलबरोबर छेदाचें छापील चित्र द्यावें व त्यावर ‘तोंड २५, कोन ९० अंश, वरच्या बाजूनें’ असें स्पष्ट लिहावें. घन आराखडा घेणारें यंत्र असेल तर ‘स्टेप’ प्रकारची फाईल द्यावी. तींत शंकूसह सर्व आकार जातो.

भोकें पाडण्याचें काम फाळास पाणी देण्यापूर्वीं उरकावें. पाणी दिलेल्या कठीण पोलादांत हत्यार चालत नाहीं. बळेंच चालविल्यास तें जळतें. काउंटरसिंकचें हत्यार हळू फिरवावें. तें वेगानें फिरविलें तर भोकाच्या उतारावर लहरी उठतात व डोकें त्या लहरींच्या माथ्यांवरच टेकतें. काम झाल्यावर बोल्ट घालून फाळाच्या पृष्ठावर पट्टी उभी धरावी. पट्टी डोक्यावरून अडखळल्याशिवाय सरकली पाहिजे. ही परीक्षा दुकानांतच घ्यावी. शेतांत घेतलेली परीक्षा महाग पडते, हें आम्हीं वर सांगितलेंच आहे. नवे बोल्ट घातल्यावर पहिल्या तासभर कामानंतर नांगर उचलून चाक्या पुन्हां एकदां आवळाव्या.

या रीतीनें केलेले फाळ गेल्या उन्हाळ्यांत आम्हीं त्याच तुकड्यांत चालविले. डोकीं फाळाबरोबर सारखीं झिजलीं व एकहि चाकी सैल पडली नाहीं. हरळीच्या काश्या उन्हांत वाळल्या. एका तुकड्यावरून सर्व जिल्ह्याचें अनुमान काढण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु जी हानि टाळतां आली असती ती कशी टाळली, एवढें सांगण्याचा अधिकार आम्हांस त्यामुळें आला असें वाटतें.

संघापुढें एक सूचना

वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहाहि तालुक्यांत एकाच बनावटीचीं अवजारें कितीतरी सभासदांकडे असतील. फाळ, पंजीचे फण, वखराची पास, डवऱ्याचे भाग, पेरणीयंत्राचे दाते, हे सर्व झिजणारे व पुन्हां पुन्हां लागणारे भाग होत. प्रत्येक जण आपापल्या भागाचें माप दर वर्षीं नव्यानें अंदाजानें देतो व तीच चूक नव्यानें विकत घेतो. त्यापेक्षां संघानें अशा भागांच्या आराखड्यांचें एक दप्तर ठेवावें. ज्या सभासदानें एखाद्या भागाचें माप नीट काढलें व जो भाग एक हंगाम शेतांत टिकला, त्याचाच आराखडा, बोल्टाचें माप व पत्र्याची जाडी यांसह त्यांत दाखल करावा. दुसऱ्या सभासदाच्या नांगराचीं भोकें थोडीं निराळीं असलीं तरी अडचण नाहीं. तक्त्यांतील एक माप बदललें कीं त्याचा आराखडा तयार. जुन्या नोंदी न खोडतां नव्या नोंदी वर्षवार ठेवाव्या, म्हणजे कोणता बदल कां केला हें पुढील माणसास कळेल.

आपल्या पूर्वजांच्या काळीं गांवचा सुतार व लोहार प्रत्येक घरचा नांगर ओळखीत असे. मापें त्याच्या डोक्यांत असत, व तो गेला म्हणजे तींहि त्याच्याबरोबर जात. आज नांगर दूरच्या कारखान्यांतून येतो आणि मापें त्या कारखान्यांतच राहतात. शेतकऱ्याच्या हातीं उरतो तो केवळ मोडलेला भाग. तो मोडलेला भाग नीट मोजून त्याचें माप लिहून ठेवणें एवढें तरी आपल्या हातीं आहे. उन्हाळी नांगरटीस अजून अवकाश असेल तोंवर प्रत्येक वाचकानें आपल्या नांगरापाशीं जाऊन फाळावरून एकदां हात फिरवून पाहावा. बोल्टाचें डोकें हातास लागलें, तर तो बोल्ट काढून भोक मोजण्याची वेळ आतांच आहे.